बाबा, वायर काढू नका

तीर्थरूप मोठ्या काकांना,

तुमच्या शेंबडीचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण ऑफिसात टेबलाखाली इतक्या वायरी आहेत, की खाली गेलेलं माणूस वर येईलच असं नाही.) तुमची दाढ कशी आहे? काकूंचा गुडघा? दाढ काढून टाका आणि गुडघा जपा, उलट करू नका. इकडे सगळे खुशाल. बाबा तर फारच खुशाल आहेत, फक्त मला त्यांनी तसं राहू दिलेलं नाही.

तुम्ही मागे विचारलं होतंत, तू तिथे नेमकं करतेस तरी काय? ऐका. आमच्या कारखान्यात शेकडो कॉम्प्युटर आहेत, सगळे वायरींनी एकमेकांना जोडलेले. त्यांच्या प्रोग्रॅमना अधूनमधून दुरुस्त्या लागतात, त्यांना अपडेट म्हणायचं. नाही केले तर चोरांना आत शिरायला वाट मिळते. मी ते एका जागी बसून सगळ्यांवर सोडते, लोक घरी गेले की आपोआप होतात, सकाळी कुणाला पत्ताही नसतो. सोन्यासारखी नोकरी! पण याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये तुमचे धाकटे बंधू बसतात, आणि घरी निघताना ते नेटवर्कची वायर उपटून, नीट गुंडाळून, ड्रॉवरमध्ये ठेवतात. (मशीन बंद करायचं नाही असा नियम आहे, तो ते पाळतात. मग उपटायला उरते ही एकच.) का? तर फार वर्षांपूर्वी वीज पडून तुमचा टीव्ही जळला आणि तुम्ही त्यांना बजावलंत, बाहेर पडताना वायरी काढत जा. आईचं त्यांना ऐकू येत नाही, डॉक्टरचं पटत नाही, पण दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी वेळ बदलून पाहिली. जेवणाच्या सुट्टीत अपडेट लावलं, तर बाबा जेवायला जातानाही वायर काढतात. भर सकाळी लावलं, तर माल भरलेला ट्रक दारात, ड्रायव्हर पावतीसाठी ओरडतोय, आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. बाबांनी जरा वेळ पाहिलं, "याला चक्कर येतेय" म्हणाले, आणि उपटली वायर! मशीन अर्ध्यात लटकलं, ते मार्गी लावताना माझ्या तोंडाला फेस आला. घरी विषय काढला तर म्हणतात, ऑफिसचं ऑफिसात. ऑफिसात काढला तर चारचौघांत मला "मॅडम" म्हणतात. आता मॅडमने बापावर ओरडायचं कसं, तुम्हीच सांगा.

त्यात साहेबांनी फर्मान काढलं, की महिनाअखेरीला ज्याचं मशीन अपडेट नसेल त्याचं कनेक्शन तोडा, मग तो कोणाचा का बाप असेना. (माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली. फर्मान मात्र मागे घेतलं नाही.) मशीन तर एकच उरलं होतं, बाबांचं. काका, बाबांना रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेत. उभी हयात त्या खुर्चीत काढली, आणि शेवटी बंद स्क्रीनपुढे हात बांधून बसायचं, तेही पोटच्या पोरीने कनेक्शन तोडलं म्हणून? मला जेवण जाईना.

शेवटी मी त्यांच्या स्क्रीनवर मेसेज सोडला: ‘बाबा, वायर काढू नका. माझ्यासाठी. आणि बीपीची गोळी घ्या.’ फक्त स्टोअरच्या मशीनवर, असं आपलं मला वाटलं. घाईत टिचकी पडली होती ‘सर्व’वर. साहेबांच्या स्क्रीनवर तो मेसेज, हिशेबखात्यात तो मेसेज, बाहेरचे पाहुणे बैठकीला बसले होते त्यांच्यासमोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावरही तोच! धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. दुपारपर्यंत गेटवरचा वॉचमन, कॅन्टीनवाला, खुद्द साहेब, जो तो बाबांना गाठून विचारतोय, "बाबा, गोळी घेतली का?"

संध्याकाळी मी माफी मागायला स्टोअरमध्ये गेले, तर सगळे निघून गेलेले आणि बाबा एकटेच मशीनजवळ स्टूल घेऊन बसलेले. वायर जागेवर, अपडेट चालू, आणि बाबांचा हात वायरीवर. (वीज चमकलीच तर! आभाळ अगदी स्वच्छ होतं, काका.) मला म्हणाले, "तुला बोलणी बसणार आहेत हे आधी सांगायचंस ना, गाढवे." शंभर टक्के होईपर्यंत ते हलले नाहीत. मीही शेजारी बसून राहिले. इतकं प्रेम आलं त्या हट्टी माणसाचं, काय सांगू. घरी उशिरा पोचलो आणि आईची बोलणी दोघांनी वाटून घेतली.

काकूंना नमस्कार सांगा आणि दाढेचं मनावर घ्या.

तुमची पुतणी

ता. क. काकू परवा फोनवर बोलून गेल्या, की तुमचा टीव्ही वीज पडून जळलाच नव्हता, तुम्ही त्यावर चहा सांडला होतात. हे मी बाबांना सांगणार नाही. एकाच अटीवर: त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही इथे हजर पाहिजे.

ता. क. २ (सगळं पत्र खरं तर यासाठीच.) त्या संध्याकाळी मी पुन्हा ‘सर्व’वर मेसेज सोडणार आहे, आणि या वेळी चुकून नाही: ‘बाबा, आता वायर काढा. घरी जाऊ या.’ माझ्यासमोर ते रडायचे नाहीत, मॅडम ना मी! तेव्हा तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहा. आणि रुमाल दोन आणा, तुम्हाला मी ओळखून आहे.