बिनशिडाचं जहाज

४ नोव्हेंबर

शिडं मी करणार. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या माघार घेता येणार नाही.

अकरा वर्षं ते जहाज काचेच्या पेटीत उभं आहे. हातभर लांब, सगळं लाकडी, बाबांनी एकट्याने केलेलं. दोरकाम असं की बघत राहावं. आणि तिन्ही डोलकाठ्या उघड्या! पाहुणा आला की विचारतोच, "शिडं राहिली वाटतं?" बाबांचं उत्तर ठरलेलं — "शिडं म्हणजे दोरकामातल्या चुका झाकायचं पांघरूण. माझ्याकडे झाकण्यासारखं काही नाही." पाहुणा गप्प. आम्हीही गप्प.

आज मी गप्प बसले नाही. जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळाच्या प्रदर्शनाचा अर्ज भरून टाकला आणि 'शिडांसह' या चौकोनात खूण केली. बाबांना न विचारता! जेवताना सांगितलं. त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला — हल्ली हात फार थरथरतो — आणि म्हणाले, "शिडं चढवलीस तर ते जहाज माझं नाही. अर्जावरचं माझं नाव खोड."

खोडलं. त्यांच्यासमोरच. 'करणाऱ्याचे नाव' — रिकामं.

५ नोव्हेंबर

हे मी कोणासाठी करतेय? त्यांच्यासाठी म्हणावं, तर ते स्पष्ट नको म्हणताहेत. ते बघायला आहेत तोवर जहाज पुरं व्हावं, हे खरं. पण ते बांधत होते तेव्हा मी चांगली तिशीतली बाई होते, आणि मला साधा दोरा ओवून द्यायचीसुद्धा परवानगी नव्हती — तेही खरं. तेव्हा अर्धी माया, अर्धा सूड. प्रमाण नक्की सांगता येत नाही.

तरी करणार.

८ नोव्हेंबर

पहिलं शीड मशीनवर शिवलं. दादा आला होता. उचलून बघितलं आणि म्हणाला, "अगं, हे शीड आहे की उशीचा अभ्रा?" मी म्हटलं, "तू तुझी गाडी आधी सरळ लावायला शीक."

तो गेल्यावर पट्टी घेऊन बसले. टाका दोन मिलिमीटर. जहाज शंभराला एक या मापाचं. म्हणजे खऱ्या जहाजावर माझा एकेक टाका वीतभर! कोणत्या खलाशाने एवढ्या वीतभर टाक्यांनी शीड शिवलं असेल? दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम करते, आणि ही दिसली नाही.

बाबा दारातून एकदा बघून गेले. हसले असते तर बरं झालं असतं.

उसवलं.

१२ नोव्हेंबर

युक्ती सापडली. शिवायचंच नाही. कापडाच्या पट्ट्यांचे जोड टोकदार पेन्सिलीने रेघा ओढून दाखवायचे. लांबून अगदी शिवण वाटते.

कापडाचा शोध चालला होता, तर आईने न मागता जुनी मलमल काढून दिली. धुतलेली, इस्त्री केलेली. वर म्हणते, "जुनाट रंग यायला चहाच्या पाण्यात बुडवशील ना? पातळ कर ते, नाहीतर डाग पडतात."

"तुला कसं माहीत?"

"पन्नास वर्षं डाग धुतेय बाई मी. मला नाही तर कोणाला?"

१३ नोव्हेंबर

डाग पडले. आईचं ऐकायला हवं होतं.

१७ नोव्हेंबर

नऊ शिडं तयार! कडेला बारीक दोरा चिकटवला, डिंकाच्या पाण्यात भिजवून वाडग्यांच्या पाठीवर वाळवली. वाऱ्याने भरल्यासारखी फुगलीत. स्वयंपाकघरात एक वाडगा मोकळा नाही. आई आमटी ताटलीत घेऊन खातेय आणि तक्रार करत नाही — हे नवीनच.

काचेची पेटी मीच उघडली.

बाबांनी वर्तमानपत्र इतकं वर धरलंय की नुसते पाय दिसतात.

२१ नोव्हेंबर

खालची शिडं बांधून झाली. मागच्या टोकाला झेंडा लावला, मागे फडफडणारा, ऐटीत. दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने बघत होते. तेवढ्यात वर्तमानपत्रामागून आवाज — "वारा मागून येतोय, शिडं पुढे फुगलीत, आणि झेंडा मागे. वा!"

आठवड्यातलं पहिलं वाक्य.

बरोबर आहे. वारा मागून असेल तर झेंडाही पुढेच जाणार. आपण गाडीवरचे झेंडे बघतो, म्हणून मागे लावतो. काढला, पुढे वळवून चिकटवला. आभार मानले नाहीत. जहाज 'त्यांचं नाही' तर बघतात कशाला?

दादाने बघितलं. "झेंडा उलटा लागलाय."

"वाऱ्याला विचार!" मी म्हटलं.

वर्तमानपत्र जरासं हललं.

२६ नोव्हेंबर

आज हात थांबलाय.

मधल्या डोलकाठीचं वरचं शीड बांधायला आडवी काठी जरा फिरवली. खालच्या अंगाला, पॉलिशच्या आत, दोऱ्याची टोकं. बारीक, कापलेली, सारख्या अंतरावर. भिंग घेऊन मोजली — अकरा. म्हणजे इथे कधीतरी शीड बांधलेलं होतं.

बाबा फिरायला गेले होते. आईला विचारलं. तिने गॅस बंद केला आणि बसली.

"पाच वेळा केली त्यांनी शिडं. चहात मीच बुडवून द्यायची. पण रेघ सरळ येईना. तेव्हाच सुरू झालं होतं हाताचं, बारीकसं. कोणाला दिसायचं नाही. रेघेत दिसायचं."

आयुष्यभर कारखान्याच्या आराखड्यांवर रेघा मारून ज्याने घर चालवलं, त्याला रेघ मारता येईना.

"मग ते पांघरूण वगैरे?"

"ते नंतर सुचलं. मी म्हटलं, असू दे."

शेवटच्या खेपेला त्यांनी सगळ्यांना कात्री लावली. एक तिने कात्रीखालून ओढून काढलं. बटणांच्या डब्यात तळाशी, कागदात घडी करून — अकरा वर्षं! अगदी पुढचं, त्रिकोणी. चहाचा रंग माझ्यापेक्षा छान. आणि रेघा... एकही धड नाही.

मी तीन आठवडे कोणाशी भांडत होते?

२७ नोव्हेंबर

आज सुट्टी घेतली. ठरवलं. माझं पुढचं त्रिकोणी शीड काढलं. त्यांचं वाडग्यावर फुगवून तिथे बांधलं. आई म्हणाली, "ओळखतील गं." ओळखू देत.

परीक्षक 'भिंग' येणार. मंडळात सगळे त्यांना हेच म्हणतात, कारण ते जहाजाशी आधी भिंगातून बोलतात आणि माणसांशी बोलतच नाहीत. त्यांना दिसणारच. विचारलं, तर सांगणार — माझा हात वाकडा. धडधडीत खोटं. मन खातंय, पण सांगणार. त्या रेघांची कीव करायचा हक्क मी कोणालाही देणार नाही.

नोकरीत वीस वर्षं झाली. माहीत असलेली चूक पहिल्यांदाच तशीच सोडतेय. नाही — चूक म्हणणं बरोबर नाही. शब्द सापडत नाही.

बाबा म्हणाले, "मी प्रदर्शनाला येणार नाही."

"नका येऊ," मी म्हटलं. "जहाज जाणार."

३० नोव्हेंबर

बाबा आले. आईने शर्टाची बटणं लावून दिली असणार.

'भिंग' एकेक शिडापाशी वाकत पुढे सरकले. पुढच्या त्रिकोणी शिडापाशी थांबले. "बाकी सगळं सुरेख. याच्यावरच्या रेघा अशा कशा? कोणी केलंय हे?"

मी तोंड उघडलं. माझ्या मागून बाबा म्हणाले, "ते माझं आहे."

मग बाबांनीच अर्ज मागितला. नाव लिहायला बराच वेळ लागला, सगळ्यांसमोर. दादा पेन धरायला पुढे झाला. मी त्याची बाही धरून ठेवली.