माईचे मंगळवार

२४ सप्टेंबर, मंगळवार

बीपी पुन्हा १६० वर ११०! मशीनच बिघडलंय म्हणून मितेशने स्वतःचं मोजून पाहिलं — त्याचं अगदी व्यवस्थित. नवऱ्यांचं बरं असतं.

सातवा लागला म्हणून चिंचणीला माहेरी, माई-बाबांकडे आलेय. मितेश बोईसरच्या खोलीवर. कंपनी सुटली की बाईकवर येतो, माझे सुजलेले पाय बघतो, जेवतो, जातो.

माईचा आज उपास. माझं बीपी उतरावं म्हणून महालक्ष्मीला बोललीय — मी बाळंत होईपर्यंत दर मंगळवारी निर्जळी. मी चिडले. तू तहानलेली राहून माझ्या नसा मोकळ्या होणारेत का? तर म्हणे, "तुज्या डॉक्टर मॅडमला जमलं का? नाय ना? मंग मला माजं करू दे."

हिच्यापुढे कोण बोलणार!

२६ सप्टेंबर

मॅडमकडे जाऊन आलो. मॅडम सरळ बोलतात, आणि आज तेच नको होतं. बाळाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंदावायला हव्या होत्या, त्या रुंदावल्याच नाहीत. बाळ वाढत नाहीये. माझ्याही अंगभरच्या वाहिन्या आवळल्यात. गोळ्या वाढवल्या, पण त्या मला सांभाळण्यापुरत्या. बाळाला त्यांचा काही उपयोग नाही. जेवढे दिवस पोटात राहील तेवढं बरं, आणि माझ्या जिवावर आलं तर काढायचं. काढायचं! बाबा वाडीतले कच्चे चिकू काढून पिकत घालतात तसं.

मग विचारलं, आईला बीपी होतं का? माई शेजारीच बसलेली. म्हणाली, "हिच्या वेळेला पाय सुजलेले, झटके पन आलेले. ही झाली नि सगलं गेलं." मॅडम म्हणाल्या, जात नाही हो. बाळंतपण संपतं, रक्तवाहिन्यांची इजा मागे राहते. अशा बाईने जन्मभर जपायचं असतं. माईला बीपीची गोळी आहेच, पाचेक वर्षं झाली. मॅडम म्हणाल्या, छान, चालू ठेवा. माईने मान डोलावली.

तिचं दुखणं माझ्यापासून सुरू झालं, हे मला आज कळतंय. आणि ती माझ्यासाठी उपास करतेय.

२९ सप्टेंबर

डोकं फुटतंय. लिहवत नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

डोळ्यांसमोर काजवे चमकतात म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. शरीरातल्या रक्तवाहिन्या उघड्या दिसतात त्या फक्त डोळ्याच्या आत, असं ते म्हणाले. माझ्या बारीक झाल्यात. बराच वेळ आत बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. त्यांनी मॅडमच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली.

सोबत माई होती, उपाशी. रिक्षातून उतरताना दांडा धरून उभी राहिली. म्हणाली ऊन लागलं. नारळपाणी घे म्हटलं तर माझ्यावरच डोळे वटारले.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

सोनोग्राफी. नाळेतून रक्त थांबून थांबून जातंय. पालघरला मोठ्या हॉस्पिटलात खाट बघून ठेवा, मॅडम म्हणाल्या.

गेल्या खेपेला मी झबली शिवली होती. सहाव्यातच सगळं आटोपलं आणि झबली वाटून टाकली. ह्या खेपेला घरात दुपटंसुद्धा आणू दिलेलं नाही. आशा नाहीच मला. मितेश नावं सुचवतो तेव्हा मी कूस बदलते.

माईचं आता मंगळवारांवर भागत नाही. पूर्ण नवरात्र निर्जळी! दिवेलागणीला कपभर दूध, बस. बाबा बोलले, मी बोलले. ती घटापुढून हलत नाही. मला तिचा राग येतो. मेलेच तर हिला वाटेल, उपास कमी पडला.

७ ऑक्टोबर

सकाळपासून बाळ हललं नाही. दुपारी एकदा हललं, बहुतेक. की मलाच तसं वाटलं?

८ ऑक्टोबर, मंगळवार

पालघर. पहाटे दिसायचंच बंद झालं, मितेशने गाडी केली. झटका येऊ नये म्हणून इंजेक्शन दिलंय, अंगाची नुसती लाही होतेय. आता धूसर दिसतंय, अक्षरं वाकडी येतायत. निघताना माई माझ्या कपाळाला अंगारा लावून म्हणाली, "जा, मी बसलीय देवीजवल."

थोड्या वेळात नेणार आहेत. मितेश बाहेर जाऊन रडून आला, मला कळतं. बाळ जाणार. मीही जाईन बहुतेक. ह्याला मी घाबरायला हवं, पण फार थकलेय.

११ ऑक्टोबर

मुलगी. एवढीशी, काचेच्या पेटीत. नळी लावलीय, पण श्वास तिचा ती घेते. माझं बीपी उतरलं.

माई मंगळवारी संध्याकाळी घटापुढेच पडली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. बुधवारी गेली. मला आज सांगितलं.

बाबांना विचारलं, तिची गोळी? बाबा म्हणाले, "निर्जलीला सकालची गोली कशी घेनार ती? पानी लागतंय ना."