बाबांच्या वन्समोरची डिस्क

रवि. १२ जाने.
मराठी मंडळाच्या ग्रुपवर जाहिरात. ‘आपलं’ नाटक, म्हणजे सांगलीच्या नाट्यगृहात शूट झालेलं ते संगीत नाटक, धुऊनपुसून परत काढलंय. रिमास्टर्ड. चित्र लख्ख, आवाज स्वच्छ वगैरे. चार वेळा वाचली.

त्या प्रयोगाला आम्ही सगळे होतो. आई, बाबा, आजी, दादा, मी. मी दहा वर्षांची, रांगेच्या पार टोकाला. दुसऱ्या अंकातल्या पदात नट तानेआधी श्वास घ्यायला थांबला आणि पद संपलं असं वाटून बाबा ओरडले, “वन्समोर!” अख्खं नाट्यगृह हसलं. बाबा उभे राहून हात जोडतायत, हे अजून डोळ्यांपुढे आहे. नटही हसला, पद पुरं केलं आणि खरंच पुन्हा म्हणाला. कॅसेट आली, मग डिस्क आली, तरी आजीचं एकच: उभ्या महाराष्ट्रापुढे शोभा करून घेतली. बाबांचा आवाज मुळात बारीक, त्यात तो चिरकलेला.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचा आवाज माझ्याकडे तेवढाच आहे. एक शब्द.

मंगळ. १४
संक्रांत. शेजारच्या सुमित्रा अक्कांनी एळ्ळू-बेल्ल, म्हणजे इकडचा कानडी तिळगूळ, आणून दिलं. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, वर उसाचं कांडं. जेवायला ये म्हणाल्या. ऑफिसचा कॉल आहे म्हटलं. नव्हता. असं का करते मी? घरात येऊन मुगाची खिचडी टाकली आणि उभ्या उभ्या खाल्ली. दिवसभरात तोंड उघडून बोलले ते अक्कांशीच, बाकी सगळं टाइप केलं.

जुनी डिस्क लावून पाहिली. पदाशी आली की चित्राचे चौकोन होतात आणि बंद. दोष माझाच. वन्समोर आला की थांबव, मागे ने, परत व.मो. नऊ वर्षं हेच. अति तिथं माती, दुसरं काय.

गुरु. १६
जाहिरातीतल्या वेळेनुसार नवी डिस्क जुनीपेक्षा बारा मिनिटांनी कमी. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात वीस वर्षं गेली, असलं काही दिसलं की झोप लागत नाही. बारा मिनिटं गेली कुठे? दुसऱ्यांदा म्हटलेलं पद कापलं असेल, तर व.मो. पण गेला. कंपनीला मेल केलं. विषयात ‘प्रेक्षकांचे आवाज’ लिहिलं. खरं कारण लिहायची लाज वाटली.

शनि. १८
इलेक्ट्रॉनिक सिटीहून दोन बस बदलून जयनगर. डिस्क विकणारं एकच दुकान उरलंय, मालक निपाणीचे. अण्णा म्हणतात सगळे, मीही. मराठी ऐकून खूश. “बसा की अक्का, स्वल्प चहा घ्या.” महिनाअखेरपर्यंत नाव द्यायचं, मग एकदम मागवणार. पाकीट फोडलं की परत नाही. म्हटलं, आत काय आहे ते कळल्याशिवाय कसं घेऊ? “नाटक आहे की हो आत!” बरोबर आहे त्यांचं. ह्यांना काय सांगणार, मला नाटक नकोच आहे!

चहा चांगला होता. उगीच अर्धा तास बसले. निघताना “येत जावा” म्हणाले, तर परतीच्या बसमध्ये डोळे भरून आले. कमाल आहे.

सोम. २०
उत्तर आलं. “पदांच्या वेळचा प्रेक्षकांचा अनावश्यक गोंगाट शक्य तितका कमी करण्यात आला आहे.”
अनावश्यक! मेल्यांनो, माझा बाप आहे तो.
आणि शक्य तितका म्हणजे किती? असं उत्तर आमच्याकडे कुणी दिलं असतं तर दहा प्रश्न विचारले असते. इथे एकही विचारला नाही. नाहीच म्हणाले तर?

रवि. २६
आईचा फोन. आई सांगलीला, दादाकडे. नेहमीप्रमाणे जेवलीस का, थंडी आहे का, ठेवते. एरवी तेवढ्यावर भागतं. आज मीच म्हटलं, थांब. डिस्कचं सगळं सांगितलं. घेणार नाही म्हटलं, त्यात बाबा नसले तर मला सोसायचं नाही. आणि रडले. त्रेचाळिसाव्या वर्षी, भोकाड पसरून.

आई म्हणाली, “रडू नकोस. ते हे नव्हेत.”
“काय हे नव्हेत?”
“वन्समोर मी ओरडले होते.”

सासूबाई शेजारी बसलेल्या. सुनेने भर नाटकात ओरडायचं म्हणजे! आजी वळून बघणार तेवढ्यात बाबा उठले आणि हात जोडले. घरी येऊन बोलणी खाल्ली, आजी जाईपर्यंत खात राहिले. पुढे तर स्वतःच रंगवून सांगायचे.
“मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?”
“ह्यांनी स्वतःवर घेतलं होतं. मी कसं मोडायचं?”

बुध. २९
ऑफिसला गेले नाही, बरं नाही कळवलं. खरंच नाहीये.
म्हणजे बाबांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. एक शब्दसुद्धा नाही. रात्र रात्र ज्याला बाबा म्हणून ऐकलं ती आई होती, आणि आई जिवंत आहे, आणि तिच्याशी मी आठवड्याला चार मिनिटं बोलते. राग तिचा येतोय की माझा, कळत नाही. बाबांचाही आलाय थोडा. एवढं छान खोटं बोलायची काय गरज होती?
डिस्क नको आता. विषय संपला. बरंच झालं, बस तरी वाचली.

अक्कांनी बेल वाजवली. तुझा दरवाजा उघडल्याचा आवाज आला नाही सकाळपासून, म्हणाल्या. आत बोलावलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडे बशा दोनच आहेत हे तेव्हा लक्षात आलं.

शुक्र. ३१
संध्याकाळी आईचा फोन. रविवार नसताना! काय झालं, विचारलं.
“अगं, काही नाही. परवा एक सांगायचं राहिलं. मी ओरडल्यावर सगळ्यांच्या आधी कोण हसलं, माहितीये? हे. माझ्या कानाशीच. मग उठले.”

मी पुढचं कधी ऐकलंच नाही. व.मो. आला की थांबवायचे. नऊ वर्षं बाबांच्या हसण्याच्या तोंडाशी येऊन मागे फिरत होते मी. आणि आता जुनी डिस्क तिथपर्यंत जात नाही.
“नवीत असेल का गं ते?” आई.
म्हटलं माहीत नाही. हसणं राहतं की जातं, कुणास ठाऊक.
“घे तू. पण मी आल्याशिवाय लावू नकोस. मलाही एकदा ऐकायचंय.”
कधी येतेस, विचारलं. बघू, दादाशी बोलते, म्हणाली आणि ठेवला. आईने माझ्याकडे आजवर काही मागितलेलं मला आठवत नाही. साडीसुद्धा नाही.

नाव द्यायचा आज शेवटचा दिवस. सात दहा झालेत, अण्णांचं दुकान आठला बंद होतं. फोनवर नाव दिलं तरी चालेल म्हणाले होते. डिस्क घेतली, आई एवढ्या लांब आली, आम्ही दोघी शेजारी बसलो आणि त्यात बाबा हसलेच नाहीत, तर तिच्याकडे बघू कशी?
नंबर काढून बसलेय.