जर्दाळू रंगाची सायकल

३ जानेवारी

आज फुलपाखराला गप्प केलं.

फुलपाखरू म्हणजे आमचे विक्रीसाहेब. नाव मी ठेवलंय आणि ते या वहीबाहेर कधी गेलेलं नाही. लेडीज सायकल म्हटली की साहेबांना गुलाबी रंग हवा, चेनकव्हरवर फुलपाखरू हवं, आणि नाव अशा वळणदार अक्षरांत हवं की वाचायला खाली वाकावं लागेल. तीस वर्षं मी ते निमूटपणे काढून दिलं. फिका गुलाबी, गडद गुलाबी, चकचकीत गुलाबी. या कारखान्यातून बाहेर पडलेली एकूण एक गुलाबी सायकल माझ्या टेबलावरून गेलेली आहे आणि त्यातली एकही मला आवडलेली नाही.

जूनमध्ये मी निवृत्त होणार. म्हणून मोठ्या साहेबांनी आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हे मॉडेल बाईंचं. रंग, सीट, स्टिकर, सगळं त्या ठरवतील. शेवटची सही त्यांची."

फुलपाखरू चुळबुळलं. "पण साहेब, बायकांना गुलाबी—"

"मी बाईच आहे," मी म्हटलं. "मला नको."

परत येताना जिन्यात मी चक्क गुणगुणत होते.

५ जानेवारी

ठरलेलं — फुलं नाहीत. फुलपाखरू नाही. नाव सरळ, ठसठशीत अक्षरांत. सीट आणि मुठी तपकिरी. बास्केट तारेची, प्लॅस्टिकच्या वेणीची नाही. चेनकव्हर पूर्ण झाकणारं, म्हणजे कपड्याला काळं लागणार नाही. दांडा खाली, पण असा नाजूक वळवलेला नाही की सायकल जणू लाजतेय.

रंग राहिला. तो कागदावर ठरत नाही.

११ जानेवारी

रंगमिस्त्रींनी आज चोवीस पट्ट्या लावल्या.

आमची पद्धत जुनी आहे. मिस्त्री हातानं रंग कालवतात, पत्र्याच्या वीतभर पट्टीवर मारतात, भट्टीत भाजतात. मग त्या पट्ट्या सकाळी दहा वाजता पूर्वेच्या खिडकीत मांडायच्या. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्याला मी हाकलून देते. मी पट्टी उचलायची, मागे सही करायची. एकदा सही झाली की त्या रंगात थेंबाचा फरक चालत नाही. मोठे साहेब आले तरी चालत नाही.

एकदा मी तीनशे फ्रेम परत पाठवल्या होत्या. सगळे म्हणाले, रंग तोच आहे. मी म्हटलं, नाही. मिस्त्रींनी डबा तपासला तर काळा गुंजभर जास्त पडलेला! तेव्हापासून कारखान्यात वाद मिटवायचा झाला तर म्हणतात, बाईंच्या डोळ्याला विचारा.

आज फार वेळ लागला नाही. सतराव्या पट्टीनं मला हाकच मारली. पिकलेल्या जर्दाळूचा रंग, आणि त्यात विटेची जराशी ऊब. गोडही नाही, रुक्षही नाही. दिसताक्षणी वाटलं, हिची वाट बघत होते मी.

"हाच?" मिस्त्री म्हणाले.

"हाच."

"परत एकदा उजेडात बघता?"

बघितला. "हाच. काय झालं?"

"काही नाही, बाई. रंग सुरेख आहे. तुम्ही हा घ्याल असं वाटलं नव्हतं."

बावीस वर्षांच्या सोबतीनंतरही मी मिस्त्रींना चकित करू शकते. सही ठोकली. नाव दिलं — जर्दाळू.

१२ जानेवारी

फुलपाखराला पट्टी दाखवली. भांडायच्या तयारीनं गेले होते, चार मुद्दे पाठ करून. साहेबांनी पट्टी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं. आणि म्हणाले, "माझी काही हरकत नाही. थँक यू, बाई."

थँक यू कसलं? मुद्दे फुकट गेले. पण माणूस सुधारतोय म्हणायचं.

२० जानेवारी

मडगार्डवर एक बारीक पांढरी रेघ हवी. एवढं साधं काम, आणि मिस्त्री पिवळट रेघ मारून आणतात. "मला पांढरी हवीय, साय नकोय," मी म्हटलं.

"बाई, डब्यातला पांढरा आहे. यात दुसरं काही नाही."

"मग डबा जुना आहे."

घरीही हीच कथा. धाकटी चादरी धुते त्या सगळ्या पिवळ्या. मी तिला म्हटलं, साबण बदल. ती म्हणाली, "ताई, पांढऱ्याशुभ्र आहेत गं." माझी ही बहीण मुलांच्या वह्या तपासते, रंग नाही. साबण मीच बदलून आणला.

२७ जानेवारी

रेघ तिसऱ्यांदा परत पाठवली. शेवटी मिस्त्री म्हणाले, "थोडी नीळ घालून बघू?"

"घाला. अजून घाला. अजून." मग कुठे पांढरी झाली. सही केली. मिस्त्री काहीतरी बोलणार होते, पण डबा उचलून गेले. त्यांना हार पटकन पचत नाही.

९ फेब्रुवारी

पहिली सायकल जोडून झाली! मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. तपकिरी सीट, जर्दाळू अंग, पांढरी रेघ. शहाण्या मुलीसारखी उभी होती. हिला कुणी "काय गोड!" म्हणणार नाही. हिला विचारतील, "कुठून घेतलीस?"

१५ फेब्रुवारी

म्हटलं, भाचीला पहिली सायकल द्यावी. कॉलेजला रोज सायकलवर जाते, महिनाभर चालवून काय खुपतंय ते सांगेल. दुपारी कारखान्यात आली, सायकल पाहिली, आणि टाळ्याच पिटल्या. "मावशी! कसली गोड गुलाबी आहे!"

मला चटकाच बसला. मी तिला तिथेच उभं करून धडा दिला. जर्दाळू म्हणजे काय, वीट म्हणजे काय. या मुलांना मोजून चार रंगांची नावं येतात. तांबूस काही दिसलं की गुलाबी, नाहीतर लाल. ती ऐकून घेत होती, मधूनच मिस्त्रींकडे बघत होती. मिस्त्री ब्रश धुण्यात गर्क होते. शेवटी म्हणाली, "बरं बाई, जर्दाळू," आणि घंटी वाजवत निघून गेली.

१६ फेब्रुवारी

भाचीचा शब्द कालपासून डोक्यातून जात नाहीये. इथे लिहून टाकते, म्हणजे जाईल.

मी अकरा वर्षांची असताना बाबांनी मला सायकल आणली. जुनी, कुणाचीतरी, काळी. मुलीची आहे म्हणून त्यांनी ती स्वतःच्या हातानं गुलाबी रंगवली. अख्खा रविवार अंगणात बसले होते. ब्रशचे केस रंगात चिकटलेले, ओघळ सुकलेले. संध्याकाळी केवढे खुश होते! मला म्हणाले, "बघ, अशी दुसऱ्या कुणाकडे नाही."

खरंच नव्हती. शाळेच्या फाटकाशी सगळ्या ओरडल्या, "केक आला, केक आला." तीन दिवस. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि मागच्या दारी बसून रंग खरवडून काढला, पत्रा दिसेपर्यंत. बाबा कामावरून आले. उभे राहून बघितलं.

"गंजेल गं आता," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी तिला काळा रंग लावून दिला. आमच्यात त्यावर एक शब्द कधी झाला नाही. त्यांनी विषय कधी काढला नाही आणि मला काढता आला नाही. बाबांना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.

म्हणून मला गुलाबी नको. फुलपाखराला हे काय सांगणार!

४ मार्च

संध्याकाळी रस्त्यावर समोरून येणारे दिवे फार पसरतात, म्हणून चष्मा बदलायला गेले. चष्मेवाल्यानं दोन काचा लावून पाहिल्या आणि हात टेकले. "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा," म्हणाला. आता त्यासाठी वेळ कुठे आहे?

१९ मार्च

धाकटीनं हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलतात भराभर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त पिकलाय, तो आधी काढू म्हणाल्या.

मी विचारलं, "रंगांना काही होतं का?"

"होतं ना. सगळ्यावर पिवळी झाक येते. पांढरं पिवळट दिसतं, निळं मरतं. हळूहळू होतं, त्यामुळे कळत नाही."

मी त्यांना सांगितलं की ते इतरांचं होत असेल. तीस वर्षं मी रंगांवर जगलेय. काच पिवळी असली तरी मला मागचा रंग ओळखता येतो. त्या हसल्या आणि तारीख विचारू लागल्या. मी म्हटलं, आधी सायकल बाजारात जाऊ दे, मग डोळा. मेची सोळा ठरली.

घरी येताना धाकटी एकदम म्हणाली, "ताई, साबणाचं आठवतंय ना?"



२० मार्च

सकाळी दहाला सतरा नंबरची पट्टी पुन्हा खिडकीत धरली. जर्दाळू. स्वच्छ जर्दाळू. उगाच घाबरवतात लोक.

८ एप्रिल

दुकानदारांचा मेळावा. चारशे खुर्च्या, वर पंखे, मध्ये व्यासपीठावर चादरीखाली झाकलेली सायकल. चादर हटवली आणि टाळ्या. नुसत्या तोंडदेखल्या नाहीत, खऱ्या. मागच्या रांगेतले दोन म्हातारे उठून पुढे आले, सीटवर हात फिरवून गेले. एक दुकानदारीणबाई मला म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, ही मीच घ्यावी. हा रंग असाही असू शकतो, माहीतच नव्हतं."

फुलपाखरानं भाषणात माझं तोंडभर कौतुक केलं. "बाईंनी शेवटी बायकांचं मन ओळखलं," म्हणे. शेवटी? बरं, असू दे. आज मी उदार आहे.

मिस्त्री मागे भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना पुढे बोलावलं, ते आले नाहीत. पण हसत होते.

२२ एप्रिल

दुकानदाराचा फोन चुकून माझ्याकडे लागला. "त्या गुलाबी अजून वीस पाठवा."

"आमच्याकडे या मोसमात गुलाबी नाही."

"अहो, तुमची नवीन. तपकिरी सीटची."

"ती जर्दाळू आहे."

"बरं, जी असेल ती पाठवा. वीस."

फोन ठेवला. मग स्वतःलाच दटावलं. त्याला तरी चारपेक्षा जास्त रंग कुठे येत असणार?

पण आज पट्टी खिडकीत धरली नाही.

१० मे

मिस्त्रींना म्हटलं, "पुढच्या आठवड्यात डोळा करून घेतेय."

"करून घ्या. बरं होईल."

"मिस्त्री, सतरा नंबर कसा आहे? खरं सांगा."

त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. त्यांना इतका वेळ कधी लागत नाही. "तुम्ही आतापर्यंत सही केलेल्यांत सगळ्यात चांगला," म्हणाले.

माणूस खोटं बोलत नाही. मी विचारलं होतं ते मात्र हे नव्हतं, आणि त्यांनाही ते माहीत होतं.

१५ मे

उद्या उजवा डोळा. भीती डोळ्याची नाही, एवढं कबूल करते. बघू. जे असेल ते माझ्या सहीचं आहे. मी सही कधी मागे घेतलेली नाही.

१७ मे

डोळ्यावरची पट्टी काढली. चादरी पांढऱ्याशुभ्र आहेत. धाकटीची माफी मागितली, साबणाची मागायची राहिली. उद्या भाची भेटायला येणार आहे. सायकलवर.

१८ मे

सायकल जिन्याखाली उभी होती. उजवा डोळा मिटला, जर्दाळू. डावा मिटला, गुलाबी. पक्का गुलाबी, केकवरचा, आणि मडगार्डवर बाळाच्या टोपड्यासारखी निळी रेघ. पाच-सहा वेळा करून पाहिलं. भाची म्हणाली, "मावशी, सायकलला डोळा काय मारतेस?"

मिस्त्रींना फोन केला. "तुम्हाला दिसत होतं ना?"

"हो, बाई."

"मग बोलला का नाहीत?"

"बावीस वर्षांत गुलाबीवर सही करताना तुम्हाला पहिल्यांदा हसताना पाहिलं."

परत खाली गेले. नवा डोळा उघडा ठेवून नीट बघितलं. ओघळ नाहीत, ब्रशचे केस नाहीत. बाकी बाबांचाच रंग. चोवीस पट्ट्यांतून मी तोच उचलला होता, आणि तो किती सुंदर आहे!