तीन टोले, मग एक

३ मार्च
मुलाचा फोन. 'बाबा, आता हट्ट पुरे. आईला घेऊन इकडे या.' म्हटलं, तुझ्या आईला इथून हलायचं नाही! झटक्यानंतर तिची वाचा गेली हे खरं, पण चव्वेचाळीस वर्षांचा संसार—तिच्या मनातलं मला कळत नाही होय?

४ मार्च
मजेत. खाण कंपनीच्या ओसाड ऑफिसात भोपळ्याचा वेल शिरलाय. साहेबाच्या खुर्चीत भोपळा बसलाय. फरक काहीच नाही!

ही सकाळपासून ताटलीवर चमचा वाजवतेय. हात थरथरतो बिचारीचा.

७ मार्च
खालच्या गावातल्या शाळेच्या मास्तरीणबाई आल्या. वसाहतीचा इतिहास लिहितायत. खाण बंद पडून एकोणीस वर्षं झाली, सहाशे घरांत आम्ही दोघंच उरलो. मग विचारणार कुणाला? मीही सुटलो. पाळी सुटली की सगळे काळेठिक्कर, बायका नवरा ओळखायच्या खोकल्यावरून. घरं तर सगळी एकसारखी. एकदा मी शेजारच्यांकडे जेवून, हात धुऊन, मग घरी आलो! बाई पोट धरून हसल्या. ही आतून ऐकत होती. पुन्हा तो चमचा. चहा नेऊन दिला—प्यायली नाही.

९ मार्च
चमचा. भूक असेल म्हणून ताट वाढलं, तर ढकललं. वर डोळे वटारले! म्हणजे बरी होतेय.

१२ मार्च
बाईंनी घंटेचं विचारलं. माणसं खाली-वर नेणारा लोखंडी पिंजरा मी चालवायचो. वरून काही दिसत नाही, सगळा भरवसा घंटेवर. एक टोला—वर घे. दोन—खाली सोड. तीन—आत माणसं आहेत, जपून. माणसं वर आणायची तर तीन, जरा थांबून एक. ही खूण हिलाही शिकवली होती. कुणाकडे माझ्या गप्पा लांबल्या की ही ताटलीवर वाजवायची—तीन, एक. चला, उठा, निघायचंय!

'वाजवून दाखवा ना,' बाई म्हणाल्या. टेबलावर बोटं मारली. तीन. थांबलो. एक.

आतून ताटली वाजली. तीन. एक.

बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

१३ मार्च
सत्तावीस वर्षं घंटा झाली की पिंजरा उचलला, कधी कारण विचारलं नाही. आणि हिला आठ दिवस वाजवायला लावलं. गाढव मी!

मुलाला फोन केला. गाडी रविवारी येतेय. तिला सांगितलं, चहा दिला. सगळा प्यायली.