चौथी तार

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

किळस आली. राजारामपुरीतील एका घरी पियानो सुरात लावण्यास गेलो होतो. झाकणावर मोबाइलचा चार्जर, अर्धवट खाल्लेल्या चिरमुऱ्यांची ताटली, विभूतीचा डबा. आत उंदरांच्या लेंड्या. पट्ट्यांवर तेलकट थर. घरी येऊन हात धुतले, तरी वास गेला नाही.

वाद्य मात्र जुने, जर्मन. वरच्या सप्तकांत प्रत्येक स्वराच्या तीन तारांशेजारी एक चौथी तार. तिला हातोडी लागत नाही. शेजारच्या तारा वाजल्या की ती आपोआप झंकारते, सतारीच्या तरफेसारखी. असे वाद्य कोल्हापुरात मी दुसरे पाहिलेले नाही — आणि ते या घरात असावे!

घरची सून विद्याश्री म्हणाली, "वरच्या पट्ट्या वाजवल्या की मागं कुणीतरी भलतंच गुणगुणतंय बघा, मास्तर." भाषा गावठी, तक्रार अचूक.

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत तिचे सासरे, शिवपुत्र. एके काळी सतार शिकवीत. दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चौथ्या तारा तपासल्या. कोणीतरी त्या मुद्दाम उतरवून भूप रागात लावल्या आहेत. भूपात मध्यम-निषाद नाहीत, म्हणून मध्यमाची तार गांधारावर, निषादाची धैवतावर! चौथ्या तारेने आपल्याच स्वराला साथ द्यावयाची असते. विचारले, तेव्हा कळले की मिरजेचा कोणी सतारी जुळवणारा येऊन गेला. ज्याला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही त्याने शब्दकोश तपासावा, तशातला प्रकार.

शिवपुत्रांच्या पत्नी गौराबाई चहा ठेवताना म्हणाल्या, "त्याचं काय झालं मास्तर, ह्यांनीच —" मी हात वर केला. तार ऐकताना कोणी बोललेले मला चालत नाही. त्या आत गेल्या. चहा पाकासारखा गोड. तसाच ठेवला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

निम्म्या तारा चढवल्या. शिवपुत्र डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत होते. सून म्हणाली, "मामा, दम धरा की जरा. चाललंय न्हवं काम?" बडवणे थांबले नाही. या घरात शांततेचे एवढे वावडे का आहे, ते कळत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

संपले. प्रत्येक चौथी तार आपापल्या स्वरावर. निर्मळ. सून खूश. निघताना शिवपुत्रांना नमस्कार केला. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले. असला उद्धटपणा आजारातून येत नाही, तो आधीपासूनच असावा लागतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी गौराबाईंचा फोन.

"मास्तर, परवापासनं ह्यांनी जेवायचं सोडलंय. त्या मिरजेच्या दोस्ताला ह्यांनीच खुणा करून तारा लावायला सांगितल्यात्या. हात गेला, सतार गेली. चालतंय ते डावं बोट. सांजच्याला खालची एकच पट्टी दाबून धरायचे, की वर समदा भूप उठायचा. तासतासभर ऐकत बसायचे. आता दाबत्यात, आन नुसतं ठण्ण वाजतंय."

मी म्हणालो, "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगतच हुते की. तुम्ही हात वर केलासा."

मी म्हणालो, पियानो म्हणजे काही सतार नव्हे. फोन ठेवला. जे चुकीचे, ते चुकीचेच. सूनही पियानो वाजवते. तिने बेसूर का ऐकावे?

दुपारचे जेवण गेले नाही. स्वयंपाक बेचव होता.

रविवार, ९ फेब्रुवारी

माझ्या हातांनी चढवलेल्या तारा माझ्याच हातांनी उतरवल्या. शिवपुत्रांची खुर्ची पियानोला लावून घेतली. ते खालचा षड्ज दाबून धरीत. वरची तार जुळली की डोळे मिटीत. गांधाराशी मी पियानोच्या मापाने, म्हणजे किंचित चढाच, थांबलो. त्यांनी डोळे मिटले नाहीत. केसभर आणखी उतरवला — आणि तो आपोआप बोलू लागला. त्यांचेच बरोबर होते.

दाराशी विद्याश्रीने विचारले, "मास्तर, आता बरोबर लागला न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."