खळ लावलेलं नख

२ जुलै २००६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं! तिसरा डोस झाला, बरी आहे, काळजी नसावी, आणि खाली सही. अग, एवढं तर नळदुरुस्तीच्या पावतीवरही असतं. शिवाय अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून पळाली असावी. चाळीस वर्षं बाइंडिंगच्या दुकानात बसून पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी नावं घालणारी बाई ती हीच का, अशी शंका आली.

इथे पंपहाउसवर सगळं ठीक आहे. नवा पंप जुन्याहून जास्त ओरडतो, असं फिटर खुणांनी सांगतो. मला दोन्ही सारखेच गरीब वाटतात. तीस वर्षं या यंत्रांशेजारी काढली, आता कान त्यांच्याच मालकीचे. तुझ्या ऑपरेशनला येऊन राहिलो त्यात रजा संपली, आणि बदली माणूस मिळेपर्यंत साहेब मला फाटकाबाहेर सोडत नाहीत.

फोनचं तर विचारू नकोस. मागच्या खेपेला तू काहीतरी सांगत होतीस आणि मी मोठमोठ्यानं हो, हो, छान, म्हणत होतो. नंतर भावोजींनी कळवलं, की तू रडत होतीस. त्या दिवसापासून मी फोनला हात लावलेला नाही. माझ्या एकट्या जिवाला तुझ्या पत्राशिवाय दुसरी वाट नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा आळस सोड आणि दोन्ही बाजू भरून लिही.

भावोजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
चिमण्या


९ जुलै २००६

चि. चिमण्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

चिठोरं म्हणालास ना मेल्या? घे आता. चष्मा पूस आणि बस वाचत.

केस गेले, भुवया गेल्या, त्याचं मी फार मनावर घेतलं नाही. रुमाल बांधला की झालं. पण नखांचं असं होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही. त्या दिवशी डॉक्टरबाई बोलत होत्या आणि मला तुझ्यासारखंच काही ऐकू येत नव्हतं. आधी नखं मुळाशी काळवंडली, मग विटकरी झाली. प्रत्येकावर तीन आडव्या रेघा आहेत, एका डोसाची एक. चौथी कुठे उमटेल ती जागाही मी बघून ठेवली आहे. दोन्ही अंगठ्यांची आणि उजव्या तर्जनीची नखं पुढून सुटायला लागलीत. टोकं सुजून दारात बोट सापडावं तशी ठणकतात.

काय काय येत नाही, ते ऐक. संत्रं सोलता येत नाही. सेफ्टी पिन उघडत नाही. गोळ्यांच्या पाकिटातली गोळी मला वाकुल्या दाखवते. परवा सुई जमिनीवर पडली, ती उचलायला अर्धा तास खटपट केली आणि शेवटी तिला तिथेच राहू दिलं. आजवर किती पुस्तकांचे फर्मे शिवले असतील, कागदाच्या किती घड्या या नखांनी दाबल्या असतील! ब्लाउजचे हुक तुझे भावोजी लावून देतात, ते एक वर, एक खाली. कटिंग मशीनवर कागद केसभर हलू न देणारा माणूस, पण इथे घामाघूम होतो. मी हसते, मग तेही हसतात.

नर्स गुणाची आहे. नखं बारीक कापा म्हणते, पाण्यात हात घालू नका, सुती हातमोजे घाला, कुठे ओलं दिसलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. औषध चढत असताना हातांवर बर्फाच्या पिशव्या ठेवते. तेवढा वेळ बोटं माझी नसतात, तेच बरं वाटतं.

आता एक गंमत सांगते, भावोजींनाही ठाऊक नाही. उजव्या अंगठ्याचं नख टॉवेलच्या धाग्यात अडकायचं आणि जीव कळवळायचा. मग फाटक्या पानाला आपण जे करतो, तेच केलं. मैद्याची घट्ट खळ शिजवली, पातळ कागदाची पट्टी कापली आणि नखावरून बोटावर अशी बसवली, की सांधा शोधून सापडणार नाही. वरून हातमोजा. नर्सला दाखवणार नाही, हात दाखवून अवलक्षण कशाला? चौथा डोस वीस तारखेला आहे. हे बघितलं, तर लांबवतील. डॉक्टरबाईंनी पहिल्याच डोसाला बजावलं होतं, की होता होईल तो दोन डोसांमध्ये अंतर पडू द्यायचं नाही. चिमण्या, मला मरणाची भीती वाटतेच, पण त्याहून या मध्येच थांबण्याची वाटते. सहा म्हणजे सहा, वेळच्या वेळी, आणि मग मी सुटले.

झालं का समाधान? अक्षराला नाव ठेवलंस, तर बघ. जेवणाची आबाळ करू नकोस. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
ताई


१६ जुलै २००६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

याला म्हणतात पत्र! तीनदा वाचलं. अक्षर पुन्हा मोत्याच्या दाण्यांसारखं. फिटरलाही पाकिटावरचा पत्ता दाखवला. तो म्हणे छापलेलंच वाटतं. अक्षर ठिकाणावर आलं म्हणजे माणूस ठिकाणावर आला, अशी मी मनाची समजूत घातली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

नखांचं वाचून वाईट वाटलं. मी माझ्या नखांकडे बघत बसलो. ग्रीसनं काळी झालेली, कशीही वाढलेली, आणि एकही दुखत नाही. देवाघरचा न्याय म्हणतात तो असा. पण तुझी खळीची युक्ती मात्र झकास. आपल्या घरात ठिगळ लावण्याची विद्या रक्तातच आहे. मीही गेल्या महिन्यात गळक्या जोडाला रबराची पट्टी बांधली आणि साहेबांना पत्ता लागू दिला नाही. दाखवलं असतं, तर पंप आठ दिवस बंद ठेवला असता. तेव्हा नर्सला सांगू नकोस, हे मला पटलं. डोस चुकता कामा नये.

चौथ्या डोसाचं सविस्तर कळव. आता तोंडाला रक्त लागलंय, पुढचं पत्र याहून मोठं हवं. ओढ आहे तशीच राहू दे.

तुझा,
चिमण्या


२७ जुलै २००६

चि. चिमण्यास आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. हे मी दुकानात बसून लिहितो आहे, तिला सांगितलेलं नाही.

अठरा तारखेला तिला थंडी वाजून ताप आला. टॅक्सीनं हॉस्पिटलात नेलं. नर्सनं हातमोजा काढला, तर अंगठ्याला कागद चिकटलेला. तो भिजवून काढला तेव्हा आत पू झाला होता. नख कागदाबरोबरच आलं. ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, चोरी पकडली गेल्यासारखी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या आहेत. पाच दिवस शिरेतून औषधं दिली. परवा घरी आणलं. ताप गेला, बोट अजून ओलं आहे.

चौथा डोस झाला नाही. बोट सुकून रक्त सुधारेपर्यंत तारीख देता येणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पुढचं औषधही कमी ताकदीचं द्यावं लागेल. अंतर पडल्यानं काय होईल, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, बघू. त्या रागावल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

तुला एक सांगायला हवं. तुला आलेलं ते लांब पत्र तिनं चार दिवसांत लिहिलं. पेन बोटांत टिकेना, म्हणून त्याला चिंध्या गुंडाळल्या. तीन ओळी लिहायची आणि हात उशीवर ठेवून डोळे मिटायची. अक्षर हललं, की पान फाडून पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, तू सांग, मी लिहितो. तर म्हणाली, दुसऱ्याचं अक्षर दिसलं, तर चिमण्या धसका घेईल. कागदाची पट्टी टॉवेलमुळे लावली असं तिनं तुला लिहिलं असेल. हॉस्पिटलात तिनं मला खरं सांगितलं. पेन धरता यावा म्हणून लावली होती.

तुला दोष देत नाही. मी त्याच घरात होतो आणि मला दिसलं नाही. पेनाच्या चिंध्या तर मीच फाडून दिल्या.

तुझं दुसरं पत्र आलं आहे, याहून मोठं मागणारं. काल तिनं पेन मागितला. मी दिला नाही, तर रडली. मग दिला, तर तो धरता आला नाही. मग आम्ही दोघंही रडलो. पांघरुणाचा काठ बोटांना लागला तरी दुखतं, म्हणून दुपारभर मी तो हातानं वर धरून बसतो. तेवढंच काम माझ्याकडे उरलं आहे. काय करावं, ते तू सांग. तुझं ती ऐकते.

तुझे,
भावोजी


२ ऑगस्ट २००६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींनी मला सगळं लिहिलं आहे. त्यांच्यावर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर. बसल्या जागी लांब पत्र मागितलं मी. नर्सला सांगू नकोस असंही मीच लिहिलं, जसा काही तुझा हात म्हणजे गळका जोड. माझं ते पत्र फाडून टाक. तुला फाडता येणार नाही, भावोजींना सांग.

तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं. आता त्यात मोती दिसत नाहीत. एका ठिकाणी शाई गडद होते, मग फिकी, मग पुन्हा गडद. तू किती वेळा थांबलीस, ते मोजायला बसलो आणि सतराच्या पुढे मोजवेना. हे मला पहिल्या वाचनातच दिसायला हवं होतं. कान गेले होते, डोळे तर होते ना!

साहेबांकडे गेलो. बदली माणूस पुढल्या महिन्याशिवाय नाही, आणि मी पंप सोडला, तर खालच्या वस्तीला पाणी नाही. नोकरी सोडतो म्हटलं, तर त्यांनी खुर्ची दिली आणि लिहून दाखवलं, की तुमच्या बहिणीच्या पेशी कमी आहेत, संसर्गाच्या भीतीनं बाहेरून आलेल्या तुम्हाला तिच्या खोलीत कोण जाऊ देणार? खरंच आहे ते. आलो, तरी दाराबाहेरच्या बाकावर बसून राहीन. ताई, मला काहीच करता येत नाही ग. मोठमोठे व्हॉल्व्ह फिरवतो मी, आणि तुझं पांघरूणही धरता येत नाही.

म्हणून एकच गोष्ट मागतो, आणि ती तुला द्यावीच लागेल. मला पत्र लिहू नकोस. एक ओळही नको, सहीसुद्धा नको. बोट सुकू दे, डोस होऊ दे. नर्सला प्रत्येक खेपेला दोन्ही हात दाखव, दहाही बोटं. मी दर रविवारी लिहीन, तू नुसतं वाच. भावोजींना लिहिण्याचा त्रास नको, त्यांना हात मोकळे हवेत. त्यांना एवढंच सांगितलं आहे, की काही वाईट झालं तरच दोन ओळी टाका.

म्हणजे आता असं झालं आहे. रोज अकराला पोस्टमन फाटकाशी येतो. इतकी वर्षं तो सायकलवरून उतरला, की मी हातातला पाना टाकून पळत जायचो. आजही तो दिसला आणि मी उठलो, मग आठवलं आणि भिंतीला धरून उभा राहिलो. तो न उतरता पुढे गेला. मी आत येऊन बसलो. म्हटलं, आज ताई बरी आहे.

राग असो की लोभ, मनात असू दे.

तुझा,
चिमण्या